लेन कोझिओलचा आकडा

आमच्या गल्लीत बर्फ पडला की एकच कायदा चालतो आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. ज्याने फावड्याने गाडीपुरती जागा उकरली, ती जागा बर्फ वितळेपर्यंत त्याची. गाडी घेऊन कामावर जाताना तिथे दोन खुर्च्या मांडायच्या, त्यांवर झाडूचा दांडा आडवा टाकायचा आणि निर्धास्त निघायचं. मोडकी खुर्ची असो, इस्त्रीचं टेबल असो, कोणी हात लावत नाही. इथली माणसं काही संत नाहीत. चर्चच्या सोडतीत लबाडी करतात, सख्ख्या भावाशी वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. पण खुर्ची हलवत नाहीत. एखाद्याने हलवलीच, तर सकाळपर्यंत त्याच्या गाडीवर नळीने इतकं पाणी मारलेलं असतं की ती बर्फाच्या लादीत गोठून बसते. पोलीस येतात, "खुर्च्या होत्या का?" एवढं विचारतात आणि मान हलवून निघून जातात.

लेन कोझिओलने माझ्या नवऱ्याच्या खुर्च्या हलवल्या. त्याच्या गाडीवर मी पाण्याचा थेंबही पडू दिला नाही. लोकांना वाटलं, रेजिना पावलाक घाबरली. घाबरतेय कोण!

लेन कोण ते आधी सांगते. शिकागोत मत मागायला पुढारी दारात येत नाही, कॅप्टन येतो. पाच-सहा गल्ल्यांचा एकेक तुकडा आणि प्रत्येक तुकड्याला पक्षाचा एक कॅप्टन. आमचा लेन. कचऱ्याचा डबा फुटला, लेनला सांग. दिव्याचा खांब बंद, लेनला सांग. पोराला नोकरी हवी, तर लेनला जेवायला बोलाव. एके काळी आम्हाला त्याची एवढी गरज नव्हती. तेव्हा कत्तलखाने चालू होते, अर्ध्या देशाच्या ताटातलं मांस आमच्या वस्तीतून जायचं. माझा सासरा पोलंडहून उतरला आणि दुसऱ्या दिवशी हातात सुरी घेऊन कामाला उभा राहिला. मग कत्तलखाने बंद पडले. वासही गेला आणि पगारही गेला. उरल्या त्या महापालिकेच्या नोकऱ्या, आणि त्या लेनच्या खिशात. बदल्यात तो फक्त मत मागायचा. फक्त!

स्वतः लेन महापालिकेच्या एका कचेरीत भल्यामोठ्या टेबलामागे बसायचा. तिथे तो काय काम करायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यालाही नाही.

एकोणऐंशीच्या जानेवारीत जो बर्फ पडला, तसा मी जन्मात पाहिला नाही. नव्या वर्षाचा बर्फ वितळला नव्हता, त्यावर दुसरा पडला. गाड्या दिसेनात, नुसते उंचवटे. महापौर टीव्हीवर सांगत होते की रस्ते मोकळे झालेत, आणि आम्ही टीव्हीकडे बघून हसत होतो. आगगाड्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतल्या स्टेशनांवर न थांबता तशाच पुढे जायला लागल्या. माणसं फलाटावर उभी आणि गाडी समोरून चालली. आमच्या गल्लीत तर बर्फ काढायची गाडी फिरकलीच नाही.

माझा नवरा झिगी. मोठं नाव झिग्मुंट, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री हाक मारायचे. वय बावन्न. कत्तलखाना बंद पडल्यावर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सॉसेजच्या कारखान्यात लागला होता, त्यामुळे गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. रविवारभर त्याने फावडं मारलं, आमच्या दारासमोर गाडीपुरती जागा केली, आणि सोमवारी पहाटे स्वयंपाकघरातल्या दोन हिरव्या खुर्च्या तिथे मांडून कामावर गेला.

दुपारी मी खिडकीशी बटाटे सोलत होते. लेनची निळी ब्यूक आली. कोपऱ्यावरच्या बारमध्ये त्याचा पत्त्यांचा अड्डा असायचा. लेन उतरला, हात खिशातच ठेवून बुटाने एक खुर्ची ढकलली, मग दुसरी. झाडूचा दांडा बर्फात जाऊन पडला. लेनने गाडी आत घातली. मी सुरीच्या मुठीने काच ठोकली. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि निवडणुकीत हलवतो तसा हात हलवून बारमध्ये गेला.

झिगी आला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हटलं, "जा, त्याची कॉलर धरून बाहेर काढ."

"जाऊ दे गं, रेजी. लेनचं काही काम असेल."

"काम? पत्ते कुटतोय तो!"

"असू दे. त्याच्याशी वाकड्यात शिरून काय मिळणारेय? मी दुसरी करतो की जागा."

झिगी असाच होता. देवाने आमच्या दोघांच्या वाटचा राग एकटीच्या पदरात टाकला होता. त्याने पलीकडच्या बाजूला उकरायला घेतलं. तिथला बर्फ दाबून दाबून दगड झाला होता. थोड्या वेळाने मी कॉफी घेऊन गेले, तर फावडं बर्फात रोवलेलं आणि झिगी शेजारी बसलेला. मला वाटलं, दम खातोय.

अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेजारच्या फर्मिन बरेराने आणि आणखी दोघातिघांनी त्याला पोरांच्या घसरगाडीवर घालून तिथवर ओढत नेलं. काही उपयोग नव्हता. लेनचा पत्त्यांचा डाव तेव्हाही चालूच होता.

झिगीला शेवटचं बघायला सगळी वस्ती आली. लेनही आला. वॉर्डाच्या नावाचं फुलांचं चक्र घेऊन आला आणि काखेत डुकराच्या मांसाचा हा एवढा हॅम. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "सोन्यासारखा माणूस गेला. काही लागलं तर लेनला सांग." मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. म्हटलं, आता बोलेल. खुर्च्यांचं काहीतरी बोलेल, निदान नजर तरी खाली घालेल. तो हॅम कुठे ठेवू म्हणून विचारत होता.

माझी सासू वरच्या मजल्यावर राहते. सगळी गल्ली तिला बुशा म्हणते, आमच्या शिकागोच्या पोलिश लोकांत आजीला तसंच म्हणतात. मूठभर बाई, पण जीभ विळ्यासारखी. झिगीला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली काहीतरी खडखडलं म्हणून मी गेले, तर बुशा तळघरातली नळी खांद्यावर घेऊन दाराकडे निघालेली. बाहेर बारसमोर ब्यूक उभी होतीच.

"आई, ती नळी खाली ठेवा."

"नाही ठेवणार. त्या मेल्याची ती निळी म्हैस आज मी गोठवणार."

"ठेवा म्हणते ना."

"तू माझ्या झिगीची बायको आहेस की त्या कोझिओलची?"

"गाडी गोठवून त्याचं काय जाणारेय, आई? महापालिकेची चार माणसं येतील, गाडी मोकळी करून देतील. हा आत बसून हसत सांगेल, म्हातारीने गंमत केली. मला त्याची गाडी नको. मला तो हवाय."

बुशाने नळी ठेवली नाही, पण थांबली.

म्हटलं, "लेनचं सगळं कशावर चालतं, सांगा बघू."

"हरामखोरीवर."

"आकड्यावर."

मी गेली कित्येक वर्षं निवडणुकीच्या दिवशी मतदानाच्या टेबलाशी बसत आले होते. तिथे बसणाऱ्या बाईला कोणी माणसात धरत नाही, त्यामुळे तिच्या कानावर सगळं पडतं. निवडणुकीआधी प्रत्येक कॅप्टन वॉर्डाच्या साहेबाला एक आकडा देतो. माझ्या तुकड्यात आपल्या विरोधात इतकी मतं पडतील, असा. हरलास तर साहेब एक वेळ पोटात घालतो. आकडा चुकला तर घालत नाही. आकडा चुकला म्हणजे ह्या माणसाला आपल्या लोकांची खबर नाही, आणि ज्याला खबर नाही तो कॅप्टन काय चाटायचा? लेनचा आकडा आजवर एक-दोन मतांपलीकडे हलला नव्हता. त्या आकड्यावर त्याचं टेबल, त्याची ब्यूक, त्याच्या मेव्हण्याची नोकरी, सगळं उभं होतं. हा आकडा तो आणायचा कुठून? आमच्या स्वयंपाकघरांतून. यायचा, कॉफी घ्यायचा, तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, "मग, आपलं ठरलं ना?" म्हणायचा, मला माणसाचा चेहरा वाचता येतो.

"म्हणजे आपण त्याच्या तोंडावर खोटं बोलायचं?" बुशाने विचारलं.

"हसून."

"मला नाही जमायचं. मी हसले की लोक डॉक्टरला बोलावतात."

"जमवा. झिगीसाठी जमवा."

बुशाने नळी टाकली आणि म्हणाली, "तुझं लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, पोरगी अगदीच साधी आहे."

"मग?"

"चुकले होते. देवाची कृपा."

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी महापौराची निवडणूक होती. तीसुद्धा पक्षातल्या पक्षात, पण आमच्या शहरात तिथे जिंकला तो जिंकलाच. महापौरांनी ज्या बाईला नोकरीवरून काढून टाकलं होतं, तीच त्यांच्यासमोर उभी होती. डिसेंबरात तिला कोणी विचारत नव्हतं. बर्फाने लोकांची डोकी फिरली. पण आमच्या गल्लीत डोकं फिरलं तरी मतदानाच्या यंत्रावर बोट त्याच खटक्यावर जायचं, कारण घरटी एक माणूस लेनच्या उपकारांवर जेवत होता.

गल्लीत फिरायला मला निमित्त शोधावं लागलं नाही. माणूस गेला की आमच्याकडे शेजारीपाजारी भांडी भरभरून जेवण आणून देतात. माझं स्वयंपाकघर परक्या भांड्यांनी भरलं होतं. ती परत करायला विधवेनेच जायचं असतं, आणि भांडं रिकामं द्यायचं नसतं. मी रोज सकाळी पीठ मळायचे, जॅम भरलेल्या बिस्किटांच्या पाकळ्या भाजायचे आणि दोन-दोन, तीन-तीन भांडी घेऊन निघायचे. काळे कपडे, हातात कढई. अशा बाईकडे बघून कोणाच्या मनात राजकारण येतं का?

दाराशी जाऊन मी जास्त बोलायचे नाही. खुर्च्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एवढंच म्हणायचे, "लेन येईल. त्याला बसव, कॉफी दे, हो म्हण. चांगलं घसघशीत हो म्हण. आणि त्या दिवशी यंत्राच्या पडद्याआड गेलीस की त्या बाईचा खटका दाब."

युलालिया बरेराने मात्र मला दारातच थोपवलं. फर्मिनची ती बायको. फर्मिनला लेननेच रस्त्यांचे खड्डे बुजवायच्या कामावर लावलं होतं, पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"मला ह्यात ओढू नकोस, रेजिना. पाया पडते तुझ्या."

"पडद्याआड कोण बघतंय?"

"तो बघतो. त्याला तोंडावरून कळतं. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात. आईने माझी एकही चोरी त्यांच्यामुळे सोडली नाही."

"मग डोक्याला रुमाल बांध."

ती हसली नाही. माझ्या हातातलं भांडं घेतलं, त्यावरचा कपडा उचलून बघितला, परत झाकला. "झिगीला ओढत नेत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा फर्मिन बारच्या दारापाशी ओरडला होता. या, हात लावा म्हणून. आतून कोणीतरी दार लावून घेतलं. थंडी येत होती म्हणे."

हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले. कोणी लावलं, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"रुमाल आहे माझ्याकडे," युलालिया म्हणाली.

लेन आला तो दुपारी, टोपी हातात घेऊन, विधवेच्या घरी शोभेल अशा चेहऱ्याने. स्वयंपाकघरात आला आणि हिरव्या खुर्चीवर बसला. त्याच दोनपैकी एक. तिच्या पायाचा बर्फात घासून रंग गेला होता. हा माणूस त्या खुर्चीवर ऐसपैस बसून साखर मागत होता. मी मनात म्हटलं, किती निर्लज्ज असावं माणसाने! एवढं सगळं माहीत असून बसतो!

"कशी आहेस, रेजी?"

"तुझ्या कृपेने बरी आहे, लेन."

"बुशा कशी आहे?"

बुशा आत आली. तिने लेनचे दोन्ही गाल धरले, दोन्हीकडे मुके घेतले आणि हसली. लेन दचकलाच.

"हिला बरं नाहीये का?" त्याने मला हळूच विचारलं.

"वय झालंय," मी म्हटलं.

त्याने कॉफीचा घोट घेतला. "यंदा वारं काही ठीक नाही. बाकीचे कॅप्टन साहेबापुढे रडतायत. कोणी म्हणतो शंभर जातील, कोणी म्हणतो दोनशे. हे आधीच हातपाय गाळून बसलेत. मला सांग, तू भांडी द्यायला घरोघर फिरलीस ना?"

बुशाने ओट्यावरची पावाची सुरी उगाच उचलली.

"फिरले की. का रे?"

"लोक काय बोलतायत? तुझ्याशी मोकळं बोलतील. मला खरं सांग."

म्हणजे तो माझ्यावर संशय घेत नव्हता. माझ्याकडून खबर काढत होता! मला हसू आवरेना, म्हणून मी ॲप्रनला डोळे पुसले.

"लोक शिव्या घालतायत, लेन. पण बर्फाला. तुला कोण काय बोलणार? परवा ती युलालिया म्हणत होती, फर्मिनला लेनने उभं केलं, आम्ही मेलो तरी त्याचा शब्द मोडायचो नाही. कोपऱ्यावरची माणसंही तेच म्हणाली. तू केलंस तेवढं कोणत्या कॅप्टनने केलंय?"

तो खुर्चीत जरा मागे रेलला. "तरी तीसेक जातील. मी साहेबाला तीस सांगावं म्हणतोय."

"तीस? आपल्याकडे?" मी बुशाकडे वळले. "ऐकलंत का, आई? तीस म्हणे. अरे, कोण आहेत तरी तीस माणसं आपल्यात? मला तर दहा-पंधरासुद्धा सापडायची नाहीत."

"नाही सापडायची," बुशा म्हणाली आणि पुन्हा हसली.

लेनने कप खाली ठेवला. मी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि त्याला वरची हवा मानवली होती. "वीस," तो म्हणाला. "वीस सांगतो. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होतील." मग जाता जाता म्हणाला, "टेबलाशी यंदाही तूच बस, रेजी. चार माणसांत तेवढंच मन रमेल."

तो गेल्यावर बुशाने व्होडकाने चूळ भरली.

निवडणूक मंगळवारी होती. दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचे उपास लागणार म्हणून आमच्यात त्या मंगळवारी पोंचकी तळतात, जॅम भरलेली. न्हाव्याच्या दुकानात मतदानाचं यंत्र मांडलं होतं आणि मी टेबलावर परातभर पोंचकी ठेवली होती. हवा अशी छान पडली होती की म्हातारेकोतारेही बाहेर आले. लेन दारातच उभा. जो येईल तो त्याच्या पाठीवर थाप मारी, पोंचकी उचली, पडदा ओढून आत जाई. युलालिया आली ती डोक्याला घट्ट लाल रुमाल बांधून. बाहेर पडली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"काय गं, बरं नाही का?" लेनने विचारलं.

"पोंचकी जास्त झाली," ती म्हणाली आणि जवळजवळ पळाली.

संध्याकाळी दार लावलं. यंत्राचा मागचा भाग उघडला. आकडे वाचून दाखवायचं काम माझं. लेन पेन्सिल कानावर ठेवून न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. मी त्या बाईच्या नावापुढचा आकडा बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. मला सत्तर-ऐंशीची आशा होती.

"दोनशे सत्तावीस," मी वाचलं.

"ते आपलं झालं," लेन म्हणाला. "आता तिचं सांग."

"हे तिचंच आहे, लेन."

तो उठला. मला बाजूला सारून स्वतः वाकून बघितलं. बोट लावून वाचलं. मग म्हणाला, "यंत्र बिघडलंय." टेबलावरच्या दुसऱ्या बाईने सह्यांच्या वहीतली नावं मोजली, दोन्ही आकड्यांची बेरीज जुळवून बघितली. यंत्र ठीक होतं. मी शांतपणे पोंचकीची परात झाकली. खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटत होतं की मला माझीच भीती वाटली.

वॉर्डाच्या कचेरीला फोन करून आकडा सांगावाच लागतो. लेनने न्हाव्याच्या फोनवरून केला. तो इतका हळू बोलला की साहेबाने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याला मोठ्याने सांगावं लागलं, आमच्या सगळ्यांसमोर. पलीकडून साहेबाचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"वीस म्हणाला होतास ना?"

"साहेब, लोकांनी मला..."

"वीस म्हणाला होतास. त्या तुझ्या शेजारच्या गाढवाने दोनशे जातील म्हणून आधीच सांगितलं होतं. मी त्याला तुझ्यासमोर उभा करून फाडला. आता मी त्याला काय सांगू?"

साहेबाने शिवीसुद्धा दिली नाही. "सकाळी टेबल मोकळं कर," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवशी सगळं शहरच फिरलं होतं. ती बाई निवडून आली. बहुतेक कॅप्टन हरले, पण आधी रडले होते म्हणून तरले. साहेब तर थोड्याच दिवसांत नव्या महापौरीणबाईंच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. आमच्या गल्लीतला बर्फ शेवटी उन्हानेच काढला, नव्या लोकांनी नाही. मी शहर बदलायला निघाले नव्हते. मला एक माणूस हवा होता.

तो दुसऱ्या दिवशीच आला. राखेचा बुधवार. सगळ्यांनी चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावायची आणि आपापली पापं आठवायची, असा तो दिवस. लेनच्या कपाळावर राख होती, दाढी केलेली नव्हती. मी दारातच उभी राहिले, आत घेतलं नाही. झिगी गेल्यापासून मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. भांडी घासताना, पीठ मळताना मी ते घोकलं होतं. ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होईल, तेही मी बघून ठेवलं होतं.

"रेजी," तो म्हणाला, "तू तरी खरं सांग. मी ह्या लोकांचं काय वाईट केलं? कोणी केलं हे?"

"खुर्च्या, लेन," मी म्हटलं. पुढचं वाक्य ओठांवर होतं.

"कसल्या खुर्च्या?"

मी त्याच्याकडे बघितलं. चेहरे वाचण्याची विद्या काही त्याची एकट्याची नव्हती. तो सोंग करत नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हतं. त्या आठवड्यात त्याने किती खुर्च्या लाथाडल्या असतील, देव जाणे. मी काच ठोकली तेव्हा त्याला वाटलं, रेजी नमस्कार करतेय. झिगी त्याच्यासाठी बर्फात गेलेल्या बऱ्याच माणसांपैकी एक होता, ज्याला एक हॅम दिला की झालं. मी इतके दिवस ज्या माणसाचा सूड उगवत होते, त्याला आपला काही गुन्हा आहे हेच माहीत नव्हतं.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो राग पहिल्या रागापेक्षा मोठा होता. वाटलं, ओरडून सांगावं, त्याच्या तोंडावर झिगीचं नाव मारावं. मग काय झालं असतं? तो रडला असता. माफी मागितली असती. दोन दिवसांनी दुसरा हॅम घेऊन आला असता आणि त्याचं मन हलकं झालं असतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "स्वयंपाकघरातल्या खुर्च्या रंगवायला काढल्यात, आत ये म्हणता येत नाही. मला विचारशील, तर मी तुलाच मत दिलं, लेन."

"तू दिलंस, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल शंका नाही. पण बाकीचे?"

"विचारून बघ ना. तुझीच माणसं आहेत."

मी दार लावून खिडकीशी गेले. तो युलालियाकडे गेला. ती रुमाल बांधूनच बाहेर आली. "अगंबाई, लेन! आमच्या घरातली दोन्ही मतं तुम्हालाच हो!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मला काचेतून ऐकू आलं. त्यानंतरचं दार. तिथेही तेच. हसू, कॉफीचा आग्रह, आणि मी तर तुम्हालाच दिलं. मी कोणालाच असं बोलायला सांगितलं नव्हतं. भीतीने बोलले असतील, लाजेने बोलले असतील, किंवा माझ्यासारखीच मजा घेत असतील. अख्ख्या गल्लीत त्याच्या विरोधात मत दिलेला एकही माणूस त्याला मिळेना.

प्रत्येक दारासमोर तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त जास्त वेळ बघत उभा राहू लागला. बुशा वरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसली होती. त्या टोकाला तीन-चार घरं उरली होती, तिथे तो गेलाच नाही.